गरम झालं की सगळं फास्ट होतं, पण सारखं फास्ट होत नाही: तापमान आणि आयन चॅनेल

शरीराचं तापमान ३७ वरून ३९ अंश सेल्सिअस झालं तर भौतिकशास्त्राच्या हिशोबात तो फरक किती? केल्विनमध्ये मोजा, ३१० चे ३१२ झाले, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. आणि तरीही या दोन अंशांत एखाद्या लहान मुलाला फिट येऊ शकते, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार असलेल्या माणसाची नजर तात्पुरती धूसर होऊ शकते, आणि काही मोजक्या लोकांचा ईसीजी असा बदलतो की डॉक्टर त्यांना लगेच मॉनिटरवर ठेवतात. एक टक्क्यापेक्षा कमी बदलाने एवढी उलथापालथ का होते, हा मला जीवशास्त्रातला फार सुंदर प्रश्न वाटतो, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग पेशीच्या आवरणातल्या आयन चॅनेल नावाच्या प्रोटीनमध्ये आहे.

आधी चॅनेल म्हणजे काय ते पटकन बघू. पेशीचं आवरण, म्हणजे मेम्ब्रेन, हे चरबीसारख्या रेणूंचा दुहेरी थर असतं आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमसारखे विद्युतभार असलेले आयन त्यातून आपले आपण जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी मेम्ब्रेनमध्ये आरपार छिद्र असलेली प्रोटीन बसवलेली असतात, तेच आयन चॅनेल. छिद्र उघडं असेल तेव्हा एका चॅनेलमधून सेकंदाला एक कोटीच्या आसपास आयन जाऊ शकतात, त्यातून अगदी बारीक करंट तयार होतो, आणि मेंदूतला प्रत्येक सिग्नल, हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूची प्रत्येक हालचाल या करंटवर चालते. छिद्राला दार असतं, त्याला गेट म्हणतात. काही गेट व्होल्टेज बदललं की उघडतात, काही एखादं रसायन चिकटलं की, काही ताण पडला की, आणि काही चक्क तापमान बदललं म्हणून.

आता तापमान वाढवलं की काय होतं? बहुतेक लोक म्हणतील की सगळं फास्ट होतं. बरोबर आहे, पण हे अर्धंच उत्तर आहे आणि गंमत सगळी उरलेल्या अर्ध्यात आहे, कारण चॅनेलमधली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या प्रमाणात फास्ट होते.

हे मोजायला एक साधा आकडा वापरतात, क्यू-टेन. तापमान १० अंशांनी वाढवलं की एखादी क्रिया किती पट वेगवान होते, तो त्या क्रियेचा क्यू-टेन. उघड्या छिद्रातून आयन वाहण्याचा क्यू-टेन साधारण १.३ ते १.५ असतो, म्हणजे पाण्यात आयन पसरण्याचा जेवढा असतो त्याच्या जवळपासच, आणि हे समजण्यासारखं आहे कारण उघडं छिद्र म्हणजे शेवटी पाण्याने भरलेली एक अरुंद वाटच. पण गेट उघडण्या-मिटण्याचा क्यू-टेन बऱ्याचदा २ ते ४ असतो. कारण गेट हलायचं म्हणजे प्रोटीनचा एक मोठा भाग जागचा सरकायला लागतो, त्यासाठी ऊर्जेचा एक उंच अडथळा ओलांडावा लागतो, आणि कुठल्याही क्षणी तेवढी ऊर्जा असण्याची शक्यता फार थोडी असते. तापमान जरा वाढलं की सरासरी ऊर्जा अगदी थोडीच वाढते, पण अडथळा पार करण्याइतकी ऊर्जा मिळण्याची शक्यता मात्र त्यामानाने कितीतरी जास्त वाढते, अडथळा जितका उंच तितकी जास्त. क्यू-टेन ३ असेल तर हा अडथळा रूम टेंपरेचरच्या आसपास मोलला ८० किलोज्युलच्या थोडा वर निघतो, १.४ असेल तर २५ च्या आसपास. एक टक्क्यापेक्षा कमी बदल मोठा का होतो याचं मूळ इथे आहे.

आणि तिसरी गोष्ट, आयनांना ढकलणारं व्होल्टेज, म्हणजे नर्न्स्ट समीकरणातून येतं ते. ते फक्त केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतं. आत-बाहेर दहापट फरक असलेल्या पोटॅशियमसाठी २० अंशांना ते ५८ मिलिव्होल्ट असतं आणि ३७ ला साडेएकसष्ट. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तर एकाच मेम्ब्रेनमध्ये, एकाच वेळी, व्होल्टेज जवळपास तिथेच आहे, आयनांचं वाहणं दीडपट झालं आणि गेटचा वेग पाचपट. २२ अंशांवरून ३७ ला गेलं तर क्यू-टेन ३ वाली क्रिया ५.२ पट वेगवान होते, हे कॅल्क्युलेटरवर करून बघा, ३ चा १.५ वा घात.

हे पहिल्यांदा नीट हिशोबात पकडलं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्यात एक प्रचंड जाड मज्जातंतू असतो, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड, त्यावर त्यांनी काम केलं आणि १९५२ मध्ये त्यांची समीकरणं छापून आली. ती समीकरणं ६.३ अंश सेल्सिअससाठी लिहिलेली आहेत, कारण प्रयोग थंडीत केले होते, तिथे गेट इतके सावकाश हलतात की त्यांच्या उपकरणांना मागोवा घेता येत होता. दुसऱ्या तापमानाला जायचं तर गेटच्या सगळ्या वेगांना ३ या क्यू-टेनने गुणायचं, असं त्यांनी ठरवलं. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा दुरुस्ती-बदलासाठी बंद होता म्हणून हक्सलीने ती सगळी समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली, मला हे प्रत्येक वेळी वाचताना त्या माणसाबद्दल अपार आदर वाटतो. १९६३ मध्ये दोघांना जॉन एकल्सबरोबर नोबेल मिळालं.

पण त्याआधीच, १९४९ मध्ये, हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी त्याच स्क्विडच्या तंतूवर तापमान बदलून बघितलं होतं आणि त्यात जे दिसलं ते आजही शिकवण्यासारखं आहे. तंतू गरम करत गेलं की सिग्नल, म्हणजे ॲक्शन पोटेन्शियल, आधी छोटा आणि अरुंद होत जातो, आणि ३५ ते ४० अंशांच्या मध्ये कुठेतरी पूर्ण बंद पडतो. परत थंड केलं की परत येतो. म्हणजे तंतू मेला नव्हता, भाजला नव्हता, फक्त सिग्नल जाणं थांबलं होतं. सगळं फास्ट होत असेल तर सिग्नल बंद का पडावा?

इथे थोडं थांबून बघायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ॲक्शन पोटेन्शियलमध्ये आधी सोडियम चॅनेल उघडतात आणि आत येणारा सोडियम मेम्ब्रेनला चार्ज करतो. पण हेच सोडियम चॅनेल एखाद मिलिसेकंदात स्वतःच बंद होतात, याला इनॲक्टिव्हेशन म्हणतात, आणि मागोमाग पोटॅशियम चॅनेल उघडून व्होल्टेज परत खाली आणतात. तापमान वाढलं की उघडणं फास्ट झालं, पण बंद होणंही फास्ट झालं, पोटॅशियमचं येणंही फास्ट झालं. न बदललेली गोष्ट एकच, मेम्ब्रेनची कपॅसिटन्स, म्हणजे तिला चार्ज करायला किती विद्युतभार लागतो तो आकडा, तो दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोफॅरडच्या आसपास आहे तिथेच राहतो. गळकी बादली भरायची आहे आणि नळ आता पूर्वीच्या एक तृतीयांश वेळच चालू राहणार, धार मात्र तिप्पट नाही तर फार तर दीडपट. बादली अर्धीच भरते. तंतूच्या पुढच्या तुकड्याला पेटवायला लागतं तेवढं व्होल्टेज तयारच होत नाही आणि सिग्नल तिथेच विरून जातो.

हे नीट समजलं की डॉक्टरांना फार आधीपासून दिसणारी एक गोष्ट उलगडते. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं होतं की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांची नजर व्यायाम केल्यावर कमी होते आणि आराम केल्यावर परत येते. पुढे कळलं की कारण व्यायाम नाही, शरीराचं वाढलेलं तापमान आहे, गरम पाण्याच्या अंघोळीनेही तेच होतं. या आजारात मज्जातंतूवरचं मायेलिनचं वेष्टन ठिकठिकाणी गेलेलं असतं, त्यामुळे करंट वाटेत गळतो आणि सिग्नल जेमतेम पुढे पोचत असतो. निरोगी तंतूत पुढच्या टप्प्याला पेटवायला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त करंट मिळतो, म्हणून ताप आला तरी आपलं चालून जातं. पण ज्या तंतूत ही शिल्लकच उरलेली नाही तिथे अर्धा अंश वाढला आणि सिग्नल थोडा अरुंद झाला तरी तो पोचत नाही. अशा रुग्णाला घरचे म्हणतात की आत्ता तर बरा होतास, लगेच काय झालं, तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं की हे खरं आहे, मनाचं नाही, आणि बहुतेक वेळा शरीर थंड झालं की उतरतं.

उलट बाजूही तशीच. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून सिग्नल कसा जातो ते मोजणारी तपासणी, करताना हातपाय गार असतील तर सिग्नलचा वेग कमी दिसतो, दर अंशाला सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने, आणि उंची मात्र वाढलेली दिसते कारण चॅनेल जास्त वेळ उघडे राहतात. निरोगी माणसाला नस खराब आहे असं सांगितलं जाऊ नये म्हणून टेस्टच्या आधी हात ३२ अंशांच्या वर गरम करून घेतात. ही टेस्ट करायची वेळ आली आणि हात गार असतील तर टेक्निशियनला बिनधास्त सांगा.

आता प्रयोगशाळेत हे मोजतात कसं. १९७६ मध्ये एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी पॅच क्लॅम्प नावाचं तंत्र काढलं. एक मायक्रॉनच्या आसपास टोक असलेली काचेची नळी पेशीच्या मेम्ब्रेनला चिकटवायची, हलकंसं ओढून घ्यायचं, मग एका चॅनेलचा पिकोअँपिअरमधला करंटसुद्धा वाचता येतो, चॅनेल उघडला की रेष पायरीसारखी वर जाते, मिटला की खाली येते. त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. पण जगातली बहुतेक पॅच क्लॅम्प रेकॉर्डिंग २० ते २५ अंशांना झालेली आहेत, माणसाच्या पेशी असल्या तरी. कारणं प्रामाणिक आहेत, थंडीत नळीचं सील जास्त वेळ टिकतं, पेशी जास्त वेळ जगते, आणि गेट सावकाश हलल्याने मोजायला सोपं जातं. फक्त तो डेटा नंतर शरीराच्या तापमानाला लावताना लोक सगळ्याला एकच क्यू-टेन लावून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण वर बघितलं तसं उघडणं, मिटणं आणि वाहणं यांचे आकडे वेगळे असतात आणि चॅनेलगणिक बदलतात.

तापमान बदलून प्रयोग करणं वाटतं तेवढं सोपं नसतं हेही खरं. हीटरवर ३७ दिसत असतं पण पेशी ज्या जागी आहे तिथे ३४ असू शकतं, म्हणून थर्मामीटर पेशीच्या अगदी जवळ पाहिजे. द्रावणाचं पाणी उडून ते घट्ट होत जातं. बफर, म्हणजे द्रावणाचा पीएच (आम्लपणा) स्थिर ठेवणारं रसायन, ट्रिस नावाचं असेल तर दर अंशाला पीएच साधारण ०.०३ ने घसरतो, म्हणजे १५ अंश वाढवले की ०.४ चा फरक, आणि मग चॅनेल तापमानाने बदलला की आम्लामुळे हे कळायला मार्ग नाही, म्हणून पीएच त्या-त्या तापमानाला परत सेट करायचा. इलेक्ट्रोडचं व्होल्टेजही गरम झाल्यावर सरकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तापमान वर नेल्यावर परत खाली आणून सुरुवातीचा करंट परत मिळतो का ते बघायचंच, नाही मिळाला तर मधला सगळा बदल पेशी थकल्याचा असू शकतो. हळूहळू गरम करण्याऐवजी इन्फ्रारेड लेझरने काही मिलिसेकंदांत तापमान उडवायची पद्धतही आहे, त्यात इतक्या कमी वेळात तापमान मोजायला ती काचेची नळीच थर्मामीटर म्हणून वापरतात, कारण मिठाच्या पाण्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो. ही युक्ती मला फार आवडते.

इथपर्यंत आपण अशा चॅनेलबद्दल बोललो ज्यांना तापमानाचा फटका बसतो. पण काही चॅनेलचं कामच तापमान ओळखणं आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा चॅनेल शोधला, आज त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात, आणि तोच चॅनेल ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतो असं निघालं. मिरची खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखं वाटतं ते म्हणूनच, मेंदूकडे जाणारा निरोप खरंच तोच असतो. २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून थंडीचा चॅनेल शोधला, टीआरपीएम८, तो मेंथॉलनेही उघडतो. २०२१ चं नोबेल या दोघांना मिळालं, पटापुटियन यांचं स्पर्शाच्या चॅनेलवरचं कामही त्यात होतं.

या चॅनेलचा क्यू-टेन २० च्या वर जातो. म्हणजे पाच अंश वाढले तर साधा गेट १.७ पट वेगवान होतो, आणि इथे करंट साडेचार पट. हे कसं शक्य होतं? २००४ मध्ये थॉमस वूट्स, बर्न्ड निलियस आणि सहकाऱ्यांनी एक मांडणी केली ती मला या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. दार किती वेळ उघडं राहणार हे उघडण्याचा वेग आणि मिटण्याचा वेग यांच्या स्पर्धेवर ठरतं. टीआरपीव्ही१ मध्ये उघडण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो आणि मिटण्याचा फारसा नाही, म्हणून गरम केलं की दार उघडंच राहतं. टीआरपीएम८ मध्ये उलटं, मिटण्याचा वेग तापमानाला फार संवेदनशील आहे आणि उघडण्याचा नाही, म्हणून थंड केलं की मिटणं मंदावतं आणि दार उघडं राहतं. थंडीने काही फास्ट होतच नाही बघा, दोन्ही मंदच होतात, एक जास्त मंद होतं एवढंच, आणि त्या फरकातून थंडीची जाणीव तयार होते. स्क्विडच्या तंतूत जी विषमता सिग्नल बंद पाडते तीच इथे त्वचेने कामाला लावली आहे.

आणि ४३ हा आकडा म्हणजे बटण नाही. व्होल्टेज बदललं की तो सरकतो, आजूबाजूला आम्ल वाढलं की सरकतो, सूज आल्यावर तयार होणाऱ्या रसायनांनी तर चांगलाच खाली येतो. उन्हाने पोळलेल्या त्वचेवर कोमट पाणीसुद्धा भाजतं त्यामागे हेच आहे. पण प्रोटीनच्या नेमक्या कुठल्या भागाला उष्णता कळते यावर अजून एकमत नाही. २०१३ मध्ये यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटांनी क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून, टीआरपीव्ही१ ची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीवर दाखवली तरीही वाद संपलेला नाही. एक शक्यता अशी मांडली गेली आहे की असा ठरावीक भाग नसेलच, गेट उघडताना पाण्याला नकोसे असणारे भाग पाण्यासमोर येत असतील आणि त्यातूनच एवढी तीव्र संवेदनशीलता येत असेल.

मग जे प्राणी स्वतःचं तापमान राखू शकत नाहीत त्यांचं कसं चालतं? ईव्ह मार्डर यांच्या लॅबने २०१० मध्ये खेकड्याच्या पोटाची हालचाल चालवणाऱ्या छोट्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर हे बघितलं. ७ अंशांपासून २३ पर्यंत नेलं तर ठेका जवळपास चौपट वेगवान होतो, पण कोण आधी आणि कोण नंतर, चक्राच्या कितव्या टप्प्यावर, हे प्रमाण तसंच राहतं. म्हणजे त्या जाळ्यातल्या चॅनेलचे क्यू-टेन एकमेकांना सांभाळून घेतील असे आहेत. अंटार्क्टिकच्या ऑक्टोपसने वेगळा मार्ग काढलाय, पोटॅशियम चॅनेलचा जीन उष्ण पाण्यातल्या ऑक्टोपससारखाच, पण आरएनएमध्ये एक अक्षर बदलून तो असा चॅनेल बनवतो जो लवकर मिटतो, त्यामुळे गोठणाऱ्या पाण्यातही सिग्नल रेंगाळत नाही. आपल्याकडेही थंडीत बहुतेक सोडियम चॅनेल लुळे पडतात तेव्हा वेदनेच्या तंतूंमधला एनएव्ही१.८ नावाचा सोडियम चॅनेल काम करत राहतो, बोटं बधिर झाली तरी ती दुखतात ती त्याच्यामुळे.

सुरुवातीला ईसीजीचं म्हटलं होतं तो आजार ब्रुगाडा सिंड्रोम, यात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. यातल्या काही रुग्णांत हृदयाच्या सोडियम चॅनेलच्या जीनमध्ये, एससीएन५ए मध्ये, बदल असतो. असा एक बदललेला चॅनेल रूम टेंपरेचरला मोजला तेव्हा दोष धड दिसत नव्हता. १९९९ मध्ये तोच ३२ अंशांना मोजला तेव्हा त्याचा करंट नेहमीच्या चॅनेलपेक्षा लवकर संपताना दिसला, म्हणजे इनॲक्टिव्हेशनचा तापमानाशी असलेला संबंधच बिघडला होता, आणि ताप आला की तो दोष आणखी वाढणार. म्हणून ब्रुगाडा असलेल्या माणसाला ताप आला तर वाट न बघता लगेच उतरवायचा असतो आणि डॉक्टरांना आधीच्या ईसीजीबद्दल सांगायचं असतं, ताप कुठल्या साध्या व्हायरसने आलेला असला तरी.